उंदरांची साक्ष कितपत धरावी?

(जिल्हा मेळाव्यात दुपारच्या सत्रात झालेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



सकाळपासून भावाचं झालं, विम्याचं झालं, विजेचं झालं. मला सांगितलं होतं, तण आणि तणनाशक यावर बोला. बोलतो. पण डवरणीला किती खर्च आणि फवारणीला किती, हा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करता. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर पाऊस उघडत नाही आणि तोवर पऱ्हाटीत तण कमरेला लागतं, हे मी कृषी पदवी घेतली म्हणून तुम्हाला शिकवायची गरज नाही. मी दुसऱ्याच गोष्टीवर बोलणार आहे.

गावोगाव बैठका होतात. बैठक संपते, माणसं चपला शोधायला लागतात आणि मागून कुणीतरी विचारतं, बहुतेक वेळा एखादी बाईच विचारते, "भाऊ, त्या तणाच्या औषधानं कॅन्सर होते म्हन्तेत, खरं हाय काय?" ज्या घरातली बाई पंपात पाणी ओतून देते, तिला हा प्रश्न पडणारच. आणि तिला उत्तर काय मिळतं? कृषी केंद्रवाला म्हणतो, "काकू, मिठापेक्षा कमी विषारी आहे, उंदरावर तपासलेलं आहे." पोरगा मोबाईलवर फोटो दाखवतो. पांढरा उंदीर, त्याच्या अंगावर लिंबाएवढ्या गाठी. म्हणजे दोन्ही बाजू साक्षीला उंदीरच उभा करतात. एकाचा उंदीर म्हणतो काही होत नाही, दुसऱ्याचा म्हणतो मरशील.

तर आज त्या उंदराची उलटतपासणी करू.

पहिली गोष्ट, उंदराला का विचारायचं? कॅन्सर आज लागलं आणि उद्या दिसलं, अशी गोष्ट नाही. पंधरा वर्षं, वीस वर्षं, कधी तीस. लंडनचे डॉक्टर पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी अंडकोषाचा कॅन्सर होतो आणि तो काजळीमुळे होतो. म्हणजे आधी माणसं मेली, मग कारण कळलं. काजळीत, डांबरात तो गुण आहे हे जनावरावर दाखवायला १९१५ साल उजाडलं. जपानच्या यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशांच्या कानाला महिनोन्‌महिने कोळशाचं डांबर चोळलं, तेव्हा गाठी आल्या. तिथून ही विद्या सुरू झाली. माणूस मरायची वाट पाहू नये, आधी जनावराला विचारावं, एवढाच त्यामागचा विचार. उंदीर दोन-अडीच वर्षं जगतो. त्याला दोन वर्षं औषध खाऊ घातलं म्हणजे त्याचा जवळजवळ सगळा जन्म त्यात गेला.

आता ही तपासणी कशी करतात ते ऐका. तुम्ही वाणाची किंवा खताची चाचणी घेता ना, थेट तसंच. एका ओळीला खत नाही, एका ओळीला थोडं, एकीला मध्यम, एकीला भरपूर. उंदरांचेही चार गट करतात. एका गटाला साधं खाद्य, बाकी तिघांना खाद्यात मिसळून औषध, वाढत्या मात्रेनं. प्रत्येक गटात पन्नास नर आणि पन्नास माद्या. म्हणजे चार गटांचे चारशे उंदीर. हा जगभर मानलेला ओईसीडीचा नियम आहे, १९८१ पासूनचा. मोठ्या जातीच्या उंदरांवर दोन वर्षं, लहान जातीच्यांवर दीड ते दोन वर्षं. रोज खाद्य तोलायचं, ठरल्या वेळी वजन घ्यायचं, गाठ हाताला लागते का पाहायचं. मेला तर त्याच दिवशी चिरायचा आणि शेवटी उरलेले सगळे मारून चिरायचे. यकृत, मूत्रपिंड, मेंदू, स्तन, आतडी असे चाळीसेक अवयव काढून त्यांचे केसापेक्षा पातळ काप करायचे आणि डॉक्टरानं दुर्बिणीखाली एकेक काप पाहायचा. खर्च कोट्यवधी रुपये. सगळं उरकून अहवाल हातात यायला तीन-चार वर्षं.

शेतातल्या चाचणीत तुम्ही जी चूक करत नाही तीच इथंही करायची नसते. जुन्या उकिरड्याच्या जागेवर नवं खत टाकून पाहिलं आणि ज्वारी डोक्याएवढी झाली, तर ते खताचं श्रेय की उकिरड्याचं? तसं उंदीर गटात वाटताना चिठ्ठ्या टाकून वाटावे लागतात. पिंजरे उजेडाजवळचे आणि कोपऱ्यातले असे एका गटाला एक, दुसऱ्याला दुसरे होता कामा नयेत. आणि बिनऔषधाची ओळ नसेल तर त्या चाचणीला काही अर्थच नाही, कारण उंदरांना म्हातारपणी आपोआपही गाठी येतात. काही जातींना तर फार येतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग लोक विचारतात, "उंदराला एवढं भरमसाट औषध का देता? आपण कुठं एवढं पितो?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर गणितात आहे आणि ते गणित कृषी केंद्रवालाही सांगत नाही आणि मोबाईलवाला पोरगाही सांगत नाही.

समजा एखाद्या औषधामुळे शंभरातल्या एकाला कॅन्सर होतो. लाख वस्तीच्या तालुक्यात हजार माणसं. ही काही लहान गोष्ट नाही. आता पन्नास उंदरांना तेच औषध त्याच प्रमाणात दिलं, तर पन्नासांपैकी एकालाही गाठ न दिसण्याची शक्यता शंभरात साठ! आणि एखाद्याला दिसली, तरी ती औषधामुळे की म्हाताऱ्या उंदराची आपोआपची, हे सांगता येत नाही. बिनऔषधाच्या पन्नासांत एकालाही गाठ नसेल आणि औषधाच्या पन्नासांत पाच-सहांना असेल, तेव्हा कुठं शास्त्रज्ञ म्हणतात की हे योगायोगानं झालेलं नाही. म्हणजे शंभरातल्या दहा जणांना होणारा कॅन्सर त्याला दिसतो, एकाला होणारा दिसत नाही. म्हणून मात्रा वाढवायची. उंदीर विषानं मरणार नाही, वजन थोडं घटेल, इतपत ताण द्यायचा. उंदरांची संख्या वाढवता येत नाही, म्हणून औषध वाढवतात.

त्याची किंमतही मोजावी लागते. सॅकरीनची गोष्ट घ्या. साखरेऐवजी घालतात ते. नर उंदरांना भरपूर सॅकरीन दिलं तर मूत्राशयात गाठी आल्या. १९७७ साली कॅनडानं त्यावर बंदी घातली, अमेरिकेत डब्यांवर इशारा छापला गेला. पुढे वीस वर्षांनी उलगडलं की नर उंदराच्या लघवीची घडणच वेगळी आहे. तिच्यात एवढं सॅकरीन उतरलं की खडे होतात, ते मूत्राशयाला टोचतात आणि त्यातून गाठ. माणसात तसं होत नाही. २००० साली अमेरिकेनं सॅकरीनचं नाव यादीतून काढलं, इशाराही गेला. तेव्हा उंदीर कधी खोटी बोंबही मारतो.

पण कधी खरीही मारतो, आणि ती आपल्या कपाशीवरचीच आहे. क्लोरडायमेफॉर्म नावाचं औषध होतं. बोंडअळीची अंडी मारायला अमेरिकेत कापसावर भरपूर वापरलं जायचं. लहान उंदरांवर तपासलं तर रक्तवाहिन्यांच्या गाठी आल्या. कंपन्यांनी १९७६ साली माल मागे घेतला. १९७८ साली तो परत बाजारात आला, फक्त कापसासाठी, जास्तीच्या अटी घालून. कापूस काय, खायची वस्तू नाही, असा हिशेब असावा. फवारणारा माणूस त्या हिशेबात कुठं होता कोण जाणे. पुढे युरोपातल्या कारखान्यांत याच औषधाशी संबंधित रसायन हाताळणाऱ्या कामगारांत मूत्राशयाचे कॅन्सर सापडायला लागले, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. १९८८ साली कंपन्यांनी ते कायमचं बंद केलं. आता यात बारकाईनं पाहा. उंदराला रक्तवाहिन्यांत गाठ, माणसाला मूत्राशयात. मोठ्या उंदरांनी तर काहीच दाखवलं नव्हतं. जागा चुकली, पण इशारा खरा निघाला. बारा वर्षं आधी दिलेला इशारा होता तो.

म्हणून मी उंदराला साक्षीदार म्हणतो, न्यायाधीश म्हणत नाही. साक्षीदाराला दोन प्रश्न जास्तीचे विचारायचे असतात.

आता येतो ग्लायफोसेटवर. राउंडअप, ग्लायसेल, अशा वेगवेगळ्या नावांनी जे तुमच्या धुऱ्यावर आणि चोरबीटीच्या पऱ्हाटीत मारलं जातं, ते. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी ते बियाणं उघड पेरलं, त्याआधी आणि नंतर कितीतरी पटीनं चोरून पेरलं गेलं. आणि जिथं ते बियाणं, तिथं हे तणनाशक.

त्याचा कॅन्सरचा वाद सुरू झाला तो तीन उंदरांच्या मूत्रपिंडांवरून. १९८३ सालचा प्रयोग. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेनं मोन्सॅन्टो कंपनीसाठी केलेला. लहान जातीचे उंदीर, गटात पन्नास नर, पन्नास माद्या. सगळ्यात वरच्या गटाला किलोभर खाद्यात तीस ग्रॅम ग्लायफोसेट. साठ किलोच्या माणसाला हिशेब लावला तर रोज पाव किलोहून जास्त! नरांच्या मूत्रपिंडात ज्या गाठी आल्या त्या अशा: बिनऔषधाच्या गटात शून्य, कमी मात्रेला शून्य, मध्यम मात्रेला एक, वरच्या मात्रेला तीन. ही गाठ या उंदरांत एरवी फार क्वचित येते.

तुम्ही काय म्हणाल? शून्य, शून्य, एक, तीन. खताच्या चाचणीत मात्रेबरोबर उतारा असा पायरीपायरीनं चढला तर तुम्ही म्हणाल, खताचा गुण दिसतोय. ईपीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, तज्ज्ञांनीही १९८५ साली तेच म्हटलं आणि ग्लायफोसेटला 'कॅन्सर करू शकेल' अशा वर्गात टाकलं. मग कंपनीनं एका नामवंत डॉक्टरांना तेच काप पुन्हा पाहायला लावले. त्यांना बिनऔषधाच्या गटातल्या एका उंदराच्या मूत्रपिंडात गाठ दिसली, जी आधी कुणाला दिसली नव्हती. झालं! शून्य, शून्य, एक, तीनचं एक, शून्य, एक, तीन झालं. पायरी मोडली. ती गाठ खरंच गाठ आहे का, यावर डॉक्टरांत पुन्हा वाद. आणखी काप काढले, त्यात नवीन काही सापडलं नाही. १९८६ साली सल्लागार समिती म्हणाली, यावरून हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. १९९१ साली ईपीएनं ग्लायफोसेट उचलून थेट 'कॅन्सर न करणाऱ्या' वर्गात नेऊन ठेवलं. तेव्हा समितीतल्या काही सदस्यांनी 'सहमत नाही' असं लिहून ठेवलं आहे.

एका उंदराच्या एका मूत्रपिंडातला एक ठिपका. त्यावर अब्जावधी डॉलरचा धंदा कुठल्या बाजूला झुकायचा ते ठरत होतं. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, गटात पन्नास उंदीर असले की एका उंदरालाही एवढं वजन येतं.

पुढे मार्च २०१५ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या आयएआरसीनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं, ग्लायफोसेटला 'माणसात बहुधा कॅन्सर करणारं' म्हटलं. जनावरांतला पुरावा पुरेसा, माणसांतला मर्यादित, असं त्यांचं म्हणणं. त्या पुराव्यात १९८३ चे हे उंदीर होतेच. त्याच वर्षी नोव्हेंबरात युरोपचं अन्नसुरक्षा प्राधिकरण म्हणालं, कॅन्सरचा धोका संभवत नाही. लोक गोंधळले. एकाच वर्षी दोन उलट निकाल कसे?

कारण प्रश्न दोन होते. गावाबाहेर एक विहीर आहे, कठडा नाही. आयएआरसी विचारते, या विहिरीत माणूस बुडू शकतो का? उत्तर हो. सरकारी प्राधिकरण विचारतं, रोज जो माणूस ज्या वाटेनं जातो तो बुडण्याचा संभव किती? वाट लांबून असेल तर नगण्य. दोघं खोटं बोलत नाहीत. दुसरं कारण मोजणीचं. आयएआरसीनं पायरी चढते का ते पाहिलं. युरोपवाल्यांनी आधी प्रत्येक गट बिनऔषधाच्या गटाशी वेगवेगळा ताडून पाहिला. तीन विरुद्ध शून्य एवढंच पाहिलं तर तो योगायोग असू शकतो. चढती पायरी पाहिली तर मन मानत नाही. माझं मत विचाराल तर पायरी पाहणंच बरोबर. शेतकरी उतारा तसाच वाचतो.

आता मोबाईलमधला तो फोटो. तो फ्रान्समधल्या सेरालिनी नावाच्या प्राध्यापकांच्या प्रयोगातला आहे, सप्टेंबर २०१२ चा. दोनशे उंदीर, वीस गट, म्हणजे गटात दहाच. तणनाशक सोसणारा मका, तणनाशक मारलेला मका आणि पाण्यातून राउंडअप, अशा नऊ तऱ्हा. आणि या नऊही तऱ्हांना मिळून बिनऔषधाचा गट एकच, दहा नर आणि दहा माद्या. उंदीर निवडले स्प्रेग-डॉली जातीचे. या जातीच्या माद्यांना दोन वर्षांत स्तनाच्या गाठी आपोआपच मोठ्या संख्येनं येतात. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं ते हेच. बिनऔषधाच्या उंदरांनाही गाठी आल्या होत्या, पण लेखात त्यांचा फोटो नाही. पत्रकारांना आधीच लेख दिला, तोही या अटीवर की दुसऱ्या कुठल्याही शास्त्रज्ञाला दाखवायचा नाही.

दहा झाडांवरून वाणाचा उतारा कुणी काढला तर तुम्ही त्याला बांधावरून हाकलाल. मग दहा उंदरांवरून का मानायचं? आपल्याला कंपनी आवडत नाही म्हणून? नोव्हेंबर २०१३ मध्ये मासिकानं तो लेख मागे घेतला. संपादक म्हणाले, लबाडी सापडली नाही, पण यावरून निष्कर्ष निघत नाही. याच मासिकात त्याच वर्षी संपादकीय जबाबदारीवर आलेले एक शास्त्रज्ञ पूर्वी मोन्सॅन्टोत नोकरीला होते, हेही लोकांनी दाखवून दिलं. दिसायला वाईटच ते. जून २०१४ मध्ये सेरालिनींनी तोच लेख दुसरीकडे छापून आणला. पुढे युरोपीय संघाच्या पैशातून त्याच मक्यावर गटात पन्नास-पन्नास उंदीर ठेवून दोन वर्षांचा प्रयोग झाला, त्यात वाईट परिणाम दिसला नाही. तो फोटो मात्र फिरतोच आहे. त्याला दोन पाय आहेत, आकड्यांना नाहीत.

मग काय, कंपनीवाले खरे? थांबा. उंदीर कोण पाळतो, हे पाहा. तपासणीचा खर्च कंपनी करते, प्रयोगशाळा कंपनी निवडते, अहवाल कंपनीच्या मालकीचा. १९७० च्या दशकात अमेरिकेत इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाची प्रयोगशाळा होती, शिकागोजवळ. देशातल्या विषारीपणाच्या तपासण्यांचा मोठा हिस्सा तिच्याकडे. १९७६ साली सरकारी डॉक्टर एड्रियन ग्रॉस यांना तिच्या कागदांत काहीतरी विचित्र वाटलं. आत गेले तर काय! उंदरांची एक खोली होती, तिला तिथले कामगारच 'दलदल' म्हणायचे. पाण्याच्या नळ्या गळायच्या, उंदीर बुडून, गारठून मरायचे, मढी पिंजऱ्यात सडायची. नोंदवहीत लिहायचे, 'फार कुजलेला, तपासता येत नाही.' आणि अहवालात मात्र तपासलेल्या अवयवांचे आकडे! १९८३ साली शिकागोच्या न्यायालयात तिघा अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. प्रयोगशाळेनं नोंदी कशा ठेवायच्या, कच्च्या नोंदी जपायच्या, बाहेरच्यानं येऊन तपासायच्या, हे जे कडक नियम आज आहेत ते या दलदलीतून आले.

म्हणून सेरालिनीचे दहा उंदीर मी मानत नाही आणि कुलपात ठेवलेले पन्नासही आंधळेपणानं मानत नाही. पन्नास उंदीर दाखवा, मग बोलू. ही काही वेड्यासारखी मागणी नाही. मार्च २०१९ मध्ये युरोपच्या न्यायालयानं निकाल दिला की ग्लायफोसेटच्या विषारीपणाच्या आणि कॅन्सरच्या तपासण्या धंद्याचं गुपित म्हणून लपवता येणार नाहीत, लोकांना त्या पाहण्याचा हक्क आहे. २०२१ पासून तिथं कायदाच झाला.

उंदराची साक्ष आणखी दोन ठिकाणी तोकडी पडते, आणि ती दोन्ही ठिकाणं आपल्या शिवारातली आहेत.

एक, उंदराला खाऊ घालतात ते बहुधा शुद्ध रसायन. तुमच्या बाटलीत ४१ टक्के असतं, बाकी पाणी आणि पानावर पसरून आत शिरावं म्हणून घातलेलं साबणासारखं द्रव्य. त्यातलं एक द्रव्य इतकं वाईट निघालं की युरोपनं २०१६ साली ग्लायफोसेटच्या बाटलीतून ते काढायला लावलं. बाटलीतल्या तयार औषधावर जन्मभराच्या तपासण्या फार थोड्या आहेत. इटलीच्या रामाझ्झिनी संस्थेचा एक प्रयोग जून २०२५ मध्ये छापून आला. त्यात तयार औषधंही होती, मात्रा कमी होत्या, गटात पन्नासेक उंदीर होते आणि औषध आईच्या पोटापासून दिलं होतं. त्यांना रक्ताचा कॅन्सर आणि इतर गाठी वाढलेल्या दिसल्या. उंदीर मात्र त्याच स्प्रेग-डॉली जातीचे. त्यावर तज्ज्ञांचं भांडण चालू आहे. म्हणजे फाईल बंद झालेली नाही. कुणी बंद झाली म्हणून सांगितलं तर, ते कुठल्याही बाजूचे असोत, त्यांना गटात किती उंदीर होते ते विचारा.

दुसरं, आपण टाकीत काय काय कालवतो? तणनाशकात युरिया, कीटकनाशकात बुरशीनाशक, वर टॉनिक, त्यावर शेजाऱ्यानं सांगितलेलं काहीतरी. या काल्यावर जगात कुठल्याच उंदराची तपासणी झालेली नाही.

अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत चोपन्न हजारांहून जास्त फवारणाऱ्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. २०१८ साली निकाल छापला, ग्लायफोसेट आणि कॅन्सर यांचा एकंदर संबंध दिसला नाही. आपल्यासारख्याच माणसांवरचा अभ्यास म्हणून तो मला उंदरांपेक्षा मोलाचा वाटतो. फक्त एक आहे, तिथला शेतकरी बहुतेक करून ट्रॅक्टरवर बसून फवारतो. आपला माणूस पाठीवर गळका पंप घेऊन, अनवाणी, स्वतःच्याच फवाऱ्यातून पुढे चालतो.

आता कृषी केंद्रवाल्याचं ते 'मिठापेक्षा कमी विषारी'. खोटं नाही ते. पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. एका दमात किती पोटात गेलं म्हणजे निम्मे उंदीर मरतात, त्याचा तो आकडा. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोणही तेवढंच सांगतो. कॅन्सरबद्दल तो त्रिकोण अवाक्षर बोलत नाही. हिरवा त्रिकोण पाहून 'कॅन्सर होत नाही' म्हणणं म्हणजे बैल मारका नाही म्हणून तो ओढाळ नाही असं म्हणणं.

पण उलट बाजूनं तो त्रिकोण फार कामाचा आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते या मांडवात कुणाला सांगायला नको. वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली, कित्येकांना काही दिवस दिसेना. ते तणनाशकानं झालेलं नाही, कॅन्सरनंही नाही. उंच वाढलेल्या पऱ्हाटीत डोक्याच्या वर फवारलेल्या कीटकनाशकांनी, त्यांच्या काल्यांनी झालं. त्या विषांना उंदराची दोन वर्षं लागत नाहीत, दोन तास पुरतात. कॅन्सरच्या भीतीनं तणनाशकाची बाटली फेकायची आणि लाल त्रिकोणाच्या औषधाचा फवारा उघड्या अंगानं मारायचा, असं करणारी माणसं मी पाहतो तेव्हा जीव तुटतो. भीतीलाही क्रम लावला पाहिजे. माझा क्रम सांगतो. सगळ्यात आधी लाल आणि पिवळा त्रिकोण. मग टाकीतला काला. मग गळका पंप. त्यानंतर ग्लायफोसेटचा कॅन्सर, जो सिद्ध झालेला नाही आणि निकालातही निघालेला नाही. म्हणून पोटुशी बाई आणि लहान पोरं त्याच्या पंपाजवळ नकोत. हात साबणानं धुतल्याशिवाय तंबाखू मळायची नाही. त्या तंबाखूनं कॅन्सर होतो की नाही याला तर उंदराचीही गरज नाही, टाटाचा दवाखाना भरलेला आहे!

सरकारनं काय केलं? ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीनं अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनंच मारावं. तुमच्या गावात पेस्ट कंट्रोल ऑपरेटर कुणी पाहिला होता काय? हात वर करा. कागदावर धोका मान्य केला आणि शेतात माणूस तसाच ठेवला. बंदी करायची असेल तर कारण दाखवून करा, परवानगी द्यायची असेल तर तपासणी दाखवून द्या. यातलं काहीच न करता अधिसूचना काढायची आणि मग माल मागच्या दारानं, बिनपावतीचा, बिनचिठ्ठीचा विकू द्यायचा. बाटलीत काय आहे तेच ठाऊक नसेल तर उंदराची तपासणी घेऊन काय करायचं? म्हणून पक्की पावती घ्या, बाटलीचा फोटो काढून ठेवा. दवाखान्यात जायची वेळ आली तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतो.

आता ठराव वाचतो. जिल्हा समितीनं सकाळी मसुदा केला आहे, दुरुस्ती असेल तर सुचवा.

"कीटकनाशक कायदा १९६८ खाली ज्या ज्या औषधाला नोंदणी दिली आहे, त्याच्या कॅन्सर तपासणीचा गोषवारा नोंदणी समितीनं मराठीत प्रसिद्ध करावा. त्यात उंदरांची जात, प्रत्येक गटातली संख्या, दिलेल्या मात्रा, प्रत्येक गटातल्या गाठींचे आकडे, प्रयोगशाळेचं नाव आणि पैसे कुणी दिले, एवढं असावं. बाटलीतल्या तयार औषधाची तपासणी झाली आहे की नाही, ते बाटलीसोबतच्या चिठ्ठीवर लिहावं. कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात फवारणी करणाऱ्या स्त्री-पुरुष मजुरांची नोंदवही ठेवावी आणि ती किमान वीस वर्षं चालवावी."

वीस वर्षं का, ते मघाशी सांगितलं. बाकी दोन कलमांवर काही म्हणायचं असेल तर बोला, माईक तिकडं पाठवतो. मागे बसलेल्या बायांपासून सुरू करा.